संमतीपत्रावर सही करण्याआधी: पटवणारा मजकूर कसा वाचायचा

मी बावीस वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिला. आता बोरिवलीत आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक आलेली पत्रं, पत्रकं, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, हे वाचून काय वाटतं?" बहुतेक जण वाचताना दोनच चुका करतात.

पहिली चूक म्हणजे मजकुरात खोटं शोधणं. ते सापडत नाही, कारण चांगला लिहिणारा सरळ खोटं लिहीतच नाही. खोटं सापडलं नाही म्हणजे सगळं खरं, असं समजून माणूस सही करून मोकळा होतो. दुसरी चूक शिकलेल्या मंडळींची. ते पेन्सिलीनं समासात "भावनिक आवाहन", "अतिशयोक्ती", "भीती दाखवणे" अशी नावं लिहितात. नावं बरोबर असतात, पण त्यातून निर्णय काहीच निघत नाही, आणि पुष्कळदा तेही शेवटी सही करतात.

दोन्ही चुका क्रमाच्या आहेत. अलंकार आणि युक्त्या सगळ्यात शेवटी बघायच्या असतात. त्याआधी काय बघायचं, ते खाली टप्प्याटप्प्यानं देते. उदाहरणासाठी पुनर्विकासाचं, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचं, एका विकासकानं (बिल्डरनं) सभासदांना पाठवलेलं पत्र घेतलंय. ते मी या लेखासाठी रचलं आहे, पण मुंबईत जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. त्यातला "कॉर्पस" म्हणजे विकासकानं द्यायची एकरकमी रक्कम, आणि "भाडं" म्हणजे बांधकाम चालू असताना दुसरीकडे राहण्याचं.

## नमुना पत्र

(१) स. न. वि. वि. गेली ४२ वर्षं आपण सर्वांनी ही वास्तू मायेनं जपली आहे. (२) पण पावसाळ्यात गळणारी गच्ची, जिन्यात निखळलेलं प्लास्टर आणि लिफ्टअभावी चार मजले चढणारे आपले ज्येष्ठ, हे आणखी किती दिवस बघायचं? (३) नामांकित तज्ज्ञांच्या मते आपली इमारत आता दुरुस्तीपलीकडे गेली आहे. (४) या परिसरातल्या २३ सोसायट्यांनी आमच्यावर विश्वास टाकला आहे. (५) सभासदांना ५० टक्क्यांपर्यंत वाढीव जागा, आकर्षक कॉर्पस आणि बाजारभावानुसार भाडं देण्यात येईल. (६) सध्याच्या नियमांचा फायदा पुढे मिळेलच असं नाही. (७) शेजारच्या सोसायटीनं निर्णय लांबवला आणि आज तिथले सभासद पस्तावत आहेत. (८) आता निर्णय आपल्याच हातात आहे. (९) सोबतचं संमतीपत्र सही करून ३१ तारखेच्या आत द्यावं. (१०) मोजक्या लोकांच्या हट्टापायी सर्वांचं नुकसान होऊ नये, एवढीच कळकळीची विनंती.

आपल्याच कुटुंबातला एक

## तयारी

मजकूर कागदावर घ्या. फोनवर बोट वर सरकवत वाचलेला मजकूर तपासता येत नाही, फक्त त्याची चव जिभेवर राहते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा, समास मोठा ठेवायला सांगा.

वर मी दिलेत तसे वाक्यांना आकडे द्या. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात. पण आकडे दिले की परिच्छेदाचा प्रवाह तुटतो, आणि आपल्याला तो तोडायचाच आहे.

मग वेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहा. मजकूर कुणी दिला, कोणत्या वाटेनं आला (दारात, ग्रुपवर, की सभा संपल्यावर चहाच्या कपाबरोबर), आणि वाचण्याआधी तुमचा कल काय होता. तिसरी गोष्ट सोडू नका. "मला इमारत पाडायलाच हवी आहे" किंवा "मला हा माणूस आवडत नाही" हे आधी लिहून ठेवलं नाही, तर पुढे सापडणारी प्रत्येक गोष्ट तुम्ही त्या कलाच्याच बाजूनं वाचाल.

> इशारा: ज्या दिवशी मजकूर मिळाला, त्याच दिवशी तपासायला बसू नका. एक रात्र जाऊ द्या. "आजच कळवा" असं लिहिलं असेल, तर एक रात्र थांबणं जास्तच गरजेचं आहे.

## टप्पा १: मागणी शोधा

संपूर्ण मजकुरात तुम्हाला काहीतरी *करायला* सांगणारं वाक्य कोणतं? त्याच्याभोवती चौकट काढा. आपल्या पत्रात ते नववं आहे. दहापैकी एकच वाक्य, तेही शेवटून दुसरं, आणि सगळ्यांत कोरडं. बाकीची नऊ वाक्यं त्याच्यासाठी आहेत.

आता मागणी नेमकी काय आहे ते बघा. ती "पुनर्विकास करा" अशी नाही. "*याच* माणसाला, *या* तारखेच्या आत, लेखी संमती द्या" अशी आहे. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत इमारत जुनी झाली की नाही यावर भांडण नसतंच. त्यावर बहुतेकांचं एकमत असतं. पत्र ते एकमत उचलतं आणि गुपचूप दुसऱ्याच प्रश्नाला जोडून टाकतं.

तपासणी: हे वाक्य पूर्ण करा. "हा माणूस मला ____ तारखेपर्यंत ____ करायला सांगतोय, आणि मी ते केलं की माझ्या हातातून ____ जाईल." तिसरी गाळलेली जागा भरता येत नसेल, तर पुढे जाऊ नका. संमतीपत्राचा कागद काढा आणि तोच आधी वाचा. पत्र कितीही गोड असलं, तरी सही त्या दुसऱ्या कागदावर होणार आहे.

## टप्पा २: "आपण", "आम्ही" आणि नाहीसा झालेला कर्ता

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मराठीत पटवण्याचं निम्मं काम सर्वनामं करतात आणि ती वाचताना कुणालाच दिसत नाहीत.

"आम्ही" म्हणजे तुम्हाला वगळून. "आपण" म्हणजे तुम्हाला धरून. हिंदीतल्या "हम"मध्ये हा भेद नाही. शिवाय मराठीत "आपण" हा आदरार्थी "तुम्ही"ही आहे: "आपण कधी आलात?" म्हणजे एकाच शब्दात "तू आणि मी मिळून" आणि "महाशय, तुम्ही" असे दोन अर्थ राहतात. लिहिणारा एकातून दुसऱ्यात अलगद सरकतो, आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही.

एका रंगाच्या पेनानं प्रत्येक "आपण, आपला, आपली" अधोरेखित करा, दुसऱ्या रंगानं "आम्ही, आमचा". आता पत्र बघा. पहिल्या वाक्यात "आपण सर्वांनी वास्तू जपली". विकासकानं तर ती जपलेली नाही, त्यामुळे हा आदराचा "आपण" झाला. दुसऱ्यात "आपले ज्येष्ठ". इथे तो घरात शिरला. तिसऱ्यात "आपली इमारत", म्हणजे तुमची इमारत त्याचीही झाली. चौथ्यात, जिथे कर्तृत्व सांगायचं आहे, तिथे लगेच "आमच्यावर". आणि आठव्यात, जिथे जबाबदारी येते, तिथे "निर्णय आपल्याच हातात", म्हणजे पुन्हा तुमच्या. दहाव्यात तिसरा गट जन्माला येतो: "मोजके लोक". तुम्ही सही केली नाही, तर तुम्ही "आपण"मधून बाहेर पडून त्या मोजक्यांत जाता. पत्रातला सगळ्यात मोठा दबाव हा आहे. तो कुठल्याही एका वाक्यात दिसत नाही, सर्वनामांची रांग लावली की दिसतो.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. "देण्यात येईल", "कळवण्यात येईल", "विचार केला जाईल", "असे समजते". या सगळ्या रचनांत कर्ता गायब असतो. सरकारी मराठीनं आपल्याला या रचनेची इतकी सवय लावली आहे की ती आपल्याला सभ्य वाटते. पाचव्या वाक्यात तीन वचनं आहेत आणि वचन देणारा एकही नाही.

करायचं इतकंच: जिथे कर्ता नाही, तिथे समासात "कोण?" लिहा. मग वाक्य स्वतः कर्ता घालून मोठ्यानं वाचा. "*मी, अमुक कंपनी,* भाडं देईन." हे वाक्य लिहिणाऱ्यानं का लिहिलं नसेल, याचा विचार लगेच सुरू होतो.

> नेहमीची चूक: "आपण" दिसला की लबाडी, असं ठरवून टाकणं. तुमच्या सोसायटीची सेक्रेटरी "आपली गच्ची" लिहिते तेव्हा तो तिचा हक्कच आहे, पाणी तिच्याही घरात येतं. प्रश्न एवढाच: हा "आपण" म्हणणाऱ्याला तोटा झाला तर तोही आपल्याबरोबर सोसणार आहे का?

## टप्पा ३: वाक्यांची वर्गवारी

प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहा. *त* म्हणजे तथ्य, तपासता येईल असं. *म* म्हणजे कुणाचं तरी मत. *व* म्हणजे वचन. *भ* म्हणजे भावना. एका वाक्यात दोन असतील, तर दोन्ही लिहा.

दुसऱ्या वाक्यात *त* आणि *भ* दोन्ही आहेत. गळती, प्लास्टर, लिफ्ट नसणं ही तथ्यं. "आणखी किती दिवस बघायचं" ही भावना. तिसरं *म*, तेही निनावी तज्ज्ञांचं. पाचवं *व*. सहावं दिसायला तथ्य, पण ते भविष्याबद्दल आहे, म्हणून *म*, आणि भीती घालणारं म्हणून *भ*.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अॅरिस्टॉटलनं पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. ती आजही पुरतात. चौथं वाक्य पत बांधतं, दुसरं आणि दहावं भावना हलवतात. तर्काचं काम तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्यावर सोपवलेलं आहे, म्हणून खरी तपासणी त्यांची करायची.

भावना असणं हा दोष नाही, हे ठामपणे सांगते. माझ्या आईनं शेवटची पाच वर्षं चार मजले चढून काढली. दुसरं वाक्य मला आजही लागतं, आणि ते खरं आहे म्हणूनच लागतं. विचारायचं ते असं: ही भावना ज्या तथ्यातून उठते, ते तथ्य खरं आहे का, आणि ती *याच* मागणीकडे नेते का? लिफ्ट हवी, हे खरं. म्हणून ३१ तारखेच्या आत सही हवी, हे त्यातून निघत नाही.

## टप्पा ४: सैल शब्द आणि आकडे

आता पेन्सिल घेऊन हे शब्द शोधा: पर्यंत, पासून, सुमारे, आकर्षक, नामांकित, लवकरच, योग्य, बाजारभावानुसार, नियमानुसार. जाहिरातीच्या धंद्यात हे शब्द जपून ठेवलेले असतात, कारण ते ऐकणाऱ्याच्या मनात मोठा आकडा उभा करतात आणि लिहिणाऱ्याला कशातच अडकवत नाहीत. मी स्वतः असंख्य वेळा "पर्यंत" लिहिलं आहे.

"५० टक्क्यांपर्यंत वाढीव जागा." दोन टक्के दिले तरी वाक्य खरंच राहतं. आणि पन्नास टक्के कशाचे? समजा तुमचं घर ४०० चौरस फूट कार्पेटचं आहे. पन्नास टक्के वाढ म्हणजे ६००. आता त्या ६०० मध्ये ६० चौरस फुटांची बाल्कनी धरली असेल, तर? रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्यातल्या व्याख्येत कार्पेट क्षेत्र म्हणजे घरातली निव्वळ वापरायची जागा. आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची धरत नाहीत. म्हणजे तुमच्या हाती आलं ५४० चौरस फूट कार्पेट, आणि वाढ झाली ३५ टक्के. पत्रात खोटं काहीच नव्हतं, "जागा" या शब्दानं सगळं काम केलं.

"२३ सोसायट्यांनी विश्वास टाकला." विश्वास टाकणं म्हणजे काय? सादरीकरण ऐकलं? नियुक्तीपत्र दिलं? करार केला? की नव्या घरात राहायला गेले? या चारांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तेव्हा विचारायचं ते असं: २३ पैकी किती इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळालं? त्यांचे पत्ते द्या. नोंदणी झालेल्या प्रकल्पांची पूर्णत्वाची तारीख, ती पुढे ढकलली गेली का, हे महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. पत्ते मिळाले की रविवारी तिथे जा आणि वॉचमनशी नाही, सभासदांशी बोला.

"बाजारभावानुसार भाडं." कोणत्या महिन्याचा बाजारभाव? दर वर्षी वाढणार का? काम लांबलं तर पुढेही मिळत राहणार का?

प्रत्येक सैल शब्दाच्या जागी रिकामा चौकोन काढा आणि तिथे आकडा, तारीख किंवा नाव हवं असं लिहा. आपल्या पत्रात पाचव्या वाक्यातच तीन चौकोन होतात.

तपासणी: चौकोन मोजा. वचनांपेक्षा चौकोन जास्त असतील, तर तुमच्या हातात अजून प्रस्ताव आलेलाच नाही, निमंत्रण आलं आहे.

## टप्पा ५: छोटे शब्द, मोठं काम

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." यातला *च* काढून घोषणा देऊन बघा. "झाला पाहिजे" ही इच्छा झाली, "झालाच पाहिजे" हा निर्धार. एका अक्षरानं पर्यायच बंद केला. त्या घोषणेला तो शोभतो, कारण तिनं आपली मागणी उघड मांडली आहे. आपल्या पत्रात मात्र *च* दोन उलट कामं करतो. "आपल्याच हातात" आणि "आपल्याच कुटुंबातला" इथे तो जवळीक घट्ट करतो, आणि "मिळेलच असं नाही" इथे धमकीला नम्र कपडे घालतो. प्रत्येक *च*, *तर*, *सुद्धा*, *फक्त* झाकून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ बदलला नाही पण जोर गेला, असं झालं तर तिथे पुरावा नव्हता, नुसता जोर होता.

"पण"वरही बोट ठेवा. "पण"च्या आधी असतं ते तुम्हाला आवडावं म्हणून, नंतर येतं ते लिहिणाऱ्याला हवं असलेलं. दुसरं वाक्य "पण"नं सुरू होतं.

आणि उत्तर नको असलेले प्रश्न. १८९७ साली "केसरी"त "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" असा मथळा छापून आला. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण विचारलं काहीच नव्हतं, वाचणाऱ्याच्या तोंडून "नाही" काढून घेतलं होतं. असा प्रश्न भेटला की एकच उपाय: त्याचं खरंखुरं उत्तर द्या, मोठ्यानं. "हे आणखी किती दिवस बघायचं?" उत्तर: तीन-चार प्रस्ताव येऊन त्यांची तुलना होईपर्यंत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तर या उन्हाळ्यातच करून घेऊ. प्रश्नाला उत्तर मिळालं की त्याचा जोर संपतो.

## टप्पा ६: "म्हणून"ची कसोटी

हा टप्पा सगळ्यात कठीण, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. पटवणारा मजकूर कारण आणि मागणी शेजारी-शेजारी ठेवतो आणि मधली पायरी तुमच्याकडून भरून घेतो. आपण स्वतः भरलेली पायरी आपल्याला आपलाच विचार वाटते, म्हणून तिच्यावर आपण संशय घेत नाही.

प्रत्येक कारणाच्या वाक्यानंतर "म्हणून" लिहा आणि पुढे मागणी जोडा.

*इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, म्हणून याच विकासकाला ३१ तारखेच्या आत सही द्या.*

बसतं का? मधे किती पायऱ्या गाळल्यात ते मोजा. तज्ज्ञ कोण, त्यांना कुणी नेमलं, अहवाल कुठे आहे? मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, आणि अहवालात इमारतीचा वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. "दुरुस्तीपलीकडे" हा शब्द यातल्या एकाही वर्गाचं नाव नाही. तेव्हा एकच विचारा: कोणता वर्ग, आणि अहवालावर कुणाची सही? वर्ग सी-१ निघाला तर गोष्ट गंभीर आहे आणि घाई खरी आहे. पण तेव्हाही "इमारत रिकामी करा" आणि "या विकासकाला सही द्या" ही दोन वेगळी वाक्यंच राहतात.

*शेजाऱ्यांनी निर्णय लांबवला आणि ते पस्तावत आहेत, म्हणून...*

इथे "आणि" हा शब्द "त्यामुळे"चं काम करतोय. आधी हे झालं, नंतर ते झालं, एवढंच आपल्याला सांगितलंय. ते पस्तावत असतील तर कदाचित लांबवल्यामुळे, कदाचित आधी ज्याला घाईनं होकार दिला त्यानं काम अर्धवट टाकल्यामुळे. शेजारची सोसायटी भिंतीपलीकडे असते. जाऊन विचारायला दहा मिनिटं लागतात, आणि तरी कुणी जात नाही.

*मोजक्यांच्या हट्टापायी नुकसान होऊ नये, म्हणून...*

यात दोनच वाटा दाखवल्यात: सही किंवा नुकसान. तिसरी वाट कागदावर लिहून बघा. "दुसरे प्रस्ताव मागवू." "याच विकासकाला आकडे भरून पत्र पुन्हा द्यायला सांगू." दोन तरी निघतातच.

> इशारा: पायरी गाळली आहे म्हणजे निष्कर्ष चुकीचा आहे, असं नाही. कदाचित पुनर्विकास खरंच हवा असेल आणि हाच विकासक योग्य असेल. तुम्हाला एवढंच कळलं की *हे पत्र* ते सिद्ध करत नाही.

## टप्पा ७: काय लिहिलेलं नाही

लिहिलेलं वाचणं सोपं असतं. न लिहिलेलं वाचायला यादी लागते, नाहीतर ते आठवतच नाही. प्रत्येक वचनापुढे चार शब्द लिहा: *किती, कधी, कोण, आणि न झाल्यास काय.* चौथ्याचं उत्तर मी पाहिलेल्या कुठल्याही पहिल्या पत्रात नव्हतं.

मग मजकुराबाहेरचा क्रम बघा. महाराष्ट्र शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती दिली आहे. तिचा क्रम साधारण असा: सोसायटीनं विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची, वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा, त्याच्याकडून सुसाध्यता अहवाल (प्रकल्प जमेल आणि परवडेल का, हे सांगणारा) घ्यायचा, निविदा मागवायच्या आणि मग विकासक निवडायचा. आपल्या पत्रात या पायऱ्यांचा उल्लेख नाही. दारोदार संमतीपत्र फिरवून ते शेवटची पायरी पहिली करू पाहतं. भाषेची युक्ती ओळखायला भाषेबाहेरची ही एक गोष्ट माहीत असावी लागते, आणि ती प्रत्येक विषयात वेगळी असते. म्हणून कुठलंही पत्रक तपासण्याआधी त्या विषयातला रीतसर क्रम काय, हे अर्धा तास घालवून शोधा.

## टप्पा ८: सोलून पाहा

आता कोऱ्या कागदावर तोच मजकूर विशेषणं, सैल शब्द, भावना आणि "आपण" काढून लिहा. आपलं पत्र सोलल्यावर असं उरतं:

*इमारत ४२ वर्षांची आहे. गच्ची गळते, जिन्यातलं प्लास्टर निखळलं आहे, लिफ्ट नाही. एका विकासकाला ती नव्यानं बांधायची आहे. जागा, कॉर्पस आणि भाडं देऊ म्हणतो, एकाही गोष्टीचा पक्का आकडा नाही. ३१ तारखेच्या आत सही हवी.*

पहिली दोन वाक्यं सभासदांना आधीच माहीत होती. त्यांना नवीन कळली ती एक तारीख.

सोलताना स्वतःची विशेषणं घुसवू नका. "एका *लबाड* विकासकाला" असं लिहिलंत, तर तुम्ही सोललं नाही, उलटा रंग दिला. सोललेला मजकूर मूळ लिहिणाऱ्याला दाखवला तर त्यानं कुरकुरत का होईना, "हो, एवढंच म्हणालो" असं म्हणायला हवं.

## टप्पा ९: तेच हत्यार दुसऱ्या बाजूवर

हा टप्पा वगळला तर आधीचे आठ वाया जातात. ग्रुपवर फिरणारा विरोधातला निनावी मेसेजही छापून घ्या: "आपली हक्काची घरं बिल्डरच्या घशात! जागे व्हा!" त्यालाही वाक्यांचे आकडे, सर्वनामांचे रंग, "म्हणून"ची कसोटी लावा. त्यातही "आपण" आणि "ते" आहेत, त्यातही आकडे नाहीत.

मी स्वतः इथे चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एका नातलगांच्या सोसायटीत दोन प्रस्ताव आले. एक भडक, रंगीत, "स्वप्नातलं घर" वगैरे. दुसरा साध्या पांढऱ्या कागदावर, छोटी वाक्यं, एकही विशेषण नाही. मी पहिल्याचा शब्द न् शब्द तपासला आणि दुसऱ्याला सरळ शिफारस दिली, कारण तो मला माझ्यासारखा वाटला. त्या साध्या पत्रात भाडं किती महिने देणार हे लिहिलंच नव्हतं, आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. नातलगांना पुढे ते दीड वर्ष स्वतःच्या खिशातून भरावं लागलं. साधेपणा हीसुद्धा पत बांधण्याची रीत आहे, आणि ती माझ्यासारख्या शब्द तपासणाऱ्यांसाठीच असते. तेव्हापासून जो मजकूर मला पहिल्या वाचनात आवडतो, त्यावर मी दुप्पट वेळ घालवते.

तपासणी: तयारीच्या वेळी लिहिलेला कल काढा. तुम्ही लावलेल्या दोषांच्या खुणा एकाच बाजूच्या कागदावर दाटल्या असतील, तर दुसरा कागद पुन्हा वाचा.

## इतर मजकुरांत काय बदलतं

*घराच्या जाहिराती.* "स्टेशनपासून ५ मिनिटं" यात कशानं आणि किती वाजता, हे नसतं. ते अंतर एकदा संध्याकाळी सात वाजता चालून बघा. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करा, जाहिरातीतली भाषा आणि नोंदणीतली माहिती शेजारी ठेवा.

*तारांकित अटी.* २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा. दावा मराठीत आणि अट बारीक इंग्रजीत असेल, तर मूळ मजकूर सोडा, आधी ती अट कुणाकडून तरी समजून घ्या.

*निवडणुकीची पत्रकं.* इथे टप्पा २ आणि ७ पुरतात. "आपण" कोण, "ते" कोण, आणि ज्या कामाचं श्रेय घेतलंय ते काम महापालिकेचं, राज्याचं की केंद्राचं?

*अग्रलेख.* इथे मागणी बहुतेक वेळा कृतीची नसते, मताची असते. म्हणून टप्पा १ मध्ये "करायला" ऐवजी "मानायला" लिहा आणि सगळा जोर टप्पा ६ वर द्या.

## टप्पा १०: प्रश्न लेखी पाठवा

तपासणी डोक्यात ठेवली तर सभेत ती टिकत नाही, तिथे आवाज मोठा असलेला जिंकतो. म्हणून चौकोन आणि गाळलेल्या पायऱ्या यांतून प्रश्न काढा, पाचापेक्षा जास्त नकोत, आणि कमिटीमार्फत लेखी पाठवा. आपल्या पत्रासाठी ते असे होतील:

१. प्रत्येक सभासदाला रेरा व्याख्येनुसार किती चौरस फूट कार्पेट मिळेल? बाल्कनी वेगळी दाखवावी.
२. संरचनात्मक अहवाल कुणाचा, कोणत्या तारखेचा, आणि त्यात इमारतीचा वर्ग कोणता?
३. २३ पैकी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या सोसायट्यांची नावं आणि पत्ते द्यावेत.
४. कॉर्पस आणि भाडं किती, भाडं किती महिन्यांचं, आणि काम लांबल्यास ते कोण देणार?
५. ३१ तारखेनंतर नेमकं काय बदलणार आहे?

भाषा सौम्य ठेवा. "आपण आम्हाला फसवत आहात काय?" असं लिहिलंत तर उत्तरात फक्त दुखावलेपण येईल, आकडे येणार नाहीत.

पाचवा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवा. खरी मुदत असेल तर तिचं कारण एका ओळीत देता येतं. कारण नसेल, तर उत्तरात बहुतेक वेळा विशेषणं वाढतात.

उत्तर आलं की त्याची प्रिंट काढा, वाक्यांना आकडे द्या, आणि पुन्हा टप्पा १ पासून सुरू करा.